भरलेला पाईप

चौबे कॉलोनीतल्या त्या गल्लीत शालिग्रामरावांच्या पाईपला हात लावायची कोणाची टाप नव्हती. पाईप म्हणजे बागेला पाणी घालायचा, हिरवा, चारचौघांच्या घरी असतो तसलाच. पण शालिग्रामरावांनी उभा जन्म रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यात काढला होता, आणि त्या खात्यातल्या माणसाला साधा पाईप नावाची वस्तू ठाऊकच नसते. रायपूर स्टेशनात गाडी येऊन थांबली की हातोडीनं चाकं ठोकत जायचं, डब्याडब्यांमधले ब्रेकचे पाईप तपासायचे, कुठे हवा गळत नाही ना ते कान लावून ऐकायचं, हे त्यांचं काम. ब्रेकच्या पाईपात हवा पुरती भरलेली नसेल तर गाडी जागची हलत नाही. रिकामा पाईप म्हणजे उभी गाडी, एवढं एक सत्य गाठीला बांधून ते निवृत्त झाले आणि घरी येऊन ते त्यांनी बागेला लागू केलं.

आधीचा पाईप ठिकठिकाणी चिरला होता. त्याला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधलेल्या होत्या, तरी नळ बंद केला की आतलं पाणी आपोआप गळून जायचं, आणि त्या थेंबांबरोबर शालिग्रामरावांचा जीवही थोडा थोडा जायचा. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी भनपुरीकडच्या एका दुकानातून जाडजूड नवा पाईप आणला, पुढे दाबायचं नोझल असलेला. हा कुठेच गळेना. मग काय विचारता. पाणी घालून झालं की आधी नोझल मिटायचं आणि मग नळ, असा नियम झाला, म्हणजे पाईप टम्म भरलेला राहणार आणि दुसऱ्या दिवशी बोट दाबताक्षणी धार सुटणार. पावसाळ्यात बागेला पाणी लागत नाही, तेव्हा दोन्ही तोंडांना बुचं मारून त्यांनी तो भरलेलाच, वेटोळं करून, बंद पडलेल्या कूलरच्या पोटात ठेवला आणि वरून ताडपत्री घातली.

"चार्ज हाय, पुरा भरला हाय," ताडपत्री थोपटून ते पत्नीला, विनोदिनीबाईंना, अभिमानानं सांगत. विनोदिनीबाई हो म्हणत आणि आत जात. पाईपबद्दल पुढे एक शब्द काढला असता तर ब्रेकचं सगळं शास्त्र ऐकावं लागलं असतं, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

आता त्या बागेत होतं काय, तर थोडा मोगरा, कढीपत्ता, तुळस आणि मधुमालती. खरी बाग म्हणजे मधुमालतीच. रेल्वेचं क्वार्टर सोडलं तेव्हा अंगणातला पेरू रेल्वेचा, लिंबू रेल्वेचा, सगळं सरकारजमा. शालिग्रामरावांनी मधुमालतीची तेवढी एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीतून आणली. तीस वर्षांच्या संसारातलं मातीत रुजलेलं असं तेवढंच काय ते बरोबर आलं. ती या घराच्या खिडकीवरून चढून पार गच्चीला लागली, आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी पांढऱ्या-गुलाबी घोसांनी अशी लदबदायची की गल्लीतून जाणारे पाय रेंगाळत.

आणि गंमत अशी, की तिचा वास शालिग्रामरावांना येत नव्हता. ब्रेकच्या लोखंडाची धूळ आणि ग्रीस यांत नोकरी गेली आणि त्यात कधीतरी नाकही गेलं. एका दिवसात गेलं असतं तर माणूस ओरडला तरी असता. हे हळूहळू गेलं, आणि पुरतं गेलंय हे कळलं तेव्हा सांगायची लाज वाटली. त्यांनी मग आपली एक युक्ती काढली. संध्याकाळी फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायचं. आत येणारा माणूस कडी काढतो, वेलीखाली पाऊल टाकतो, क्षणभर थबकतो आणि दिवसभराचा आवळलेला चेहरा सैल सोडतो. तो चेहरा पाहिला की शालिग्रामराव म्हणत, "काय वास सुटून राहिला आज." कोणाला कधी शंका आली नाही.

सगळ्यांत चांगला चेहरा अनुश्रीचा. ही त्यांची सून, साताऱ्याची, नवा रायपूरच्या एका ऑफिसात नोकरीला. तेलीबांध्यावरून स्कूटर हाणत भर उन्हातून यायची, फाटकात शिरायची आणि वेलीखाली डोळे मिटून असा श्वास घ्यायची की बघणाऱ्याच्याही छातीत गार वाटावं. लग्न होऊन आली त्या पहिल्या उन्हाळ्यात ती एकदा म्हणाली होती, की बाबा, खोलीत शिरल्यावर खसचा तो गारवा लागला की मला इथलं ऊन माफ करावंसं वाटतं. तेव्हापासून शालिग्रामरावांचा नेम झाला. ती यायच्या आधी तिच्या खिडकीतला कूलर आपल्या पाईपनं काठोकाठ भरायचा, त्याच्या बाजूंना लावलेल्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांवर फवारा मारायचा आणि जाता जाता मधुमालतीलाही न्हाऊ घालायचं. सुनेचे तोंडानं लाड करता येत नाहीत असे सासरे असतात. हे पाण्यानं करत.

यंदा कूलर लागले आणि अनुश्रीला शिंका सुरू झाल्या. ऑफिसात काही नाही, रस्त्यात काही नाही. घरी येऊन खोलीत तासभर बसली की सुरू, ते सकाळपर्यंत. नाक लाल, डोळे सुजलेले. फाटकातला तो चेहरा आता दिसेना, कारण ती मधुमालतीखालून नाकाला ओढणी लावून पळत आत जाऊ लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की घरातच काहीतरी बाधतंय, फुलांचे पराग असतील, धूळ असेल, ओल असेल, शोधा. शालिग्रामरावांच्या मुलानं, निरंजननं, पहिला शब्द ऐकला आणि पुढचे ऐकलेच नाहीत. फुलं तर खिडकीवरच लोंबत होती, आणि बहरही कूलर लागले त्याच सुमाराला आला होता.

निरंजन रायपूरचा पोट्टा, मराठी सगळं कळायचं पण उत्तर हिंदीत. तो जेवताना म्हणाला, "पापा, बेल हटानी पड़ेगी. रविवार को माली आ रहा है."

शालिग्रामरावांचा घास हातात राहिला. मग ते म्हणाले, "हटव बाप्पा. पोरीच्या जिवापेक्षा वेल मोठी हाय का?"

हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं होतं, आणि म्हणूनच त्यांना फार वाईट वाटलं. त्या दिवशी वरणात मीठ पडलं नव्हतं, तरी ते मुकाट्यानं जेवले, तेव्हा विनोदिनीबाईंनी त्यांच्याकडे जरा नीट पाहिलं.

पण रेल्वेत चौकशीशिवाय कोणालाही शिक्षा होत नाही. रात्र गेली तसं शालिग्रामरावांनी ठरवलं, की वेलीची बाजू मांडायला कोणीतरी पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मधुमालतीचा घोस पेल्यात घालून जेवणाच्या टेबलावर अनुश्रीच्या ताटासमोर ठेवला. ती वाकली, वास घेतला, किती छान म्हणाली, पोटभर जेवली. शिंक नाही. खोलीत गेली आणि पाच मिनिटांत शिंकांची माळ लागली. त्याच्या दुसऱ्या दिवशी विनोदिनीबाईंकडून गजरा करवून त्यांनी तिला माळायला लावला आणि ऑफिसात पाठवलं. संध्याकाळी दबक्या आवाजात विचारलं, दिवस कसा गेला. एकदम मस्त, ती म्हणाली. हा सगळा पुरावा घेऊन ते निरंजनकडे गेले, तर तो हसायला लागला. ये कोई टेस्ट है क्या पापा, असं म्हणून त्यानं विषय संपवला. माळ्याचा रविवार पक्का राहिला.

शनिवारी अनुश्री लवकर घरी आली. शालिग्रामराव पाईपाचं वेटोळं उलगडत होते. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, लागलेला, दिवसभर भिंती नुसत्या तापलेल्या, आणि ताडपत्रीखाली पाईप हाताला चटका देत होता. ती त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, आज वेलीला मी पाणी घालू?"

पाईप मागायचा नसतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तिलाही. पण उद्या वेल जाणार होती आणि तिच्यामुळे जाणार होती, हे तिच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं की शालिग्रामरावांनी नोझल तिच्या हातात दिलं. अर्थात सूचनांसकट. बोट कसं, कोन कसा, दाब किती, हे सगळं तिनं ऐकून घेतलं आणि नोझल दाबलं ते नेमकं भिंतीकडे तोंड करून. दिवसभर उन्हात शिजलेलं पाणी भिंतीवर आपटून परत तिच्याच तोंडावर उडालं. मग जी शिंकायला लागली ती थांबेचना. शिंकता शिंकता कठड्यावर बसली, ओढणीनं तोंड पुसलं आणि एकदम मान वर केली.

"बाबा, या पाण्याला वास येतोय. खोलीत रोज येतो तोच."

"पाण्याले कायचा वास?" शालिग्रामरावांनी नोझल घेतलं, ऐटीत नाकाशी धरलं, छाती भरून श्वास ओढला आणि निकाल दिला, "काही नाही."

तोवर विनोदिनीबाई पदर नाकाला लावून स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या. अनुश्री एकदा त्यांच्याकडे आणि एकदा सासऱ्यांकडे बघत राहिली. सासरे अजून नोझल नाकाशी धरून शांत उभे होते.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला खरंच येत नाही?"

शालिग्रामरावांनी दोघींकडे पाहिलं. चेहरे वाचायचं काम त्यांनी इतकी वर्षं केलं होतं. हे दोन तर शाळेच्या पाटीवरच्या अक्षराएवढे मोठे होते. उत्तर विनोदिनीबाईंनीच दिलं.

"नाही येत त्याहिले. दूध करपून घरभर धूर होते, अन् हे बाजूले बसून पेपर वाचत रायते."

"तुले ठाऊक होतं?"

"हव."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी सांगसान तवा ऐकू म्हटलं," विनोदिनीबाई म्हणाल्या आणि पदर नाकावर नीट केला.

मग हळूहळू सगळंच बाहेर आलं. तो कुबट वास घरात दोन महिने होता. अनुश्रीला वाटे, जुन्या खसचा असेल. विनोदिनीबाईंना वाटे, कुंड्यांना घातलेल्या शेणखताचा. तेवढ्यात निरंजन आला, त्यानं सांगितलं की तो तर गल्लीतल्या नालीला शिव्या देत होता. तिघांपैकी एकानंही शालिग्रामरावांना विचारलं नव्हतं, कारण पाईपाच्या आसपासचा कुठलाही विषय काढणं म्हणजे तासभर ब्रेकचं शास्त्र. शालिग्रामरावांनी नोझल फिरवून काढलं आणि पाईपच्या तोंडात बोट घातलं. बोटाला काळी, बुळबुळीत साय लागली. बुरशी. पावसाळाभर बुचं मारून, ताडपत्री पांघरून, लेकरासारखी सांभाळलेली.

ते पायरीवर बसले. पाईप नासला याचं त्यांना काही नव्हतं. पोरीला गार वाटावं म्हणून रोज हौसेनं जे पाणी कूलरमध्ये ओतलं, त्याच पाण्याची हवा रात्रभर तिच्या छातीत जात होती, आणि आळ आला बिचाऱ्या वेलीवर. हे त्यांच्या मनाला इतकं लागलं की बोटावरची घाण पुसायचंही त्यांना सुचेना.

अनुश्रीनं आपल्या ओढणीच्या टोकानं त्यांचं बोट पुसलं. "म्हणजे बाबा," ती म्हणाली, "वेल निर्दोष सुटली."

हे ऐकून ते उठले. निरंजनचं म्हणणं पडलं की पाईप फेकून द्या, आणि वेलीचंही पक्कं सांगता येत नाही, माळी तर सांगून ठेवलाय. शालिग्रामरावांनी एक आठवडा मागितला. पुढच्या शनिवारपर्यंत शिंका थांबल्या नाहीत तर वेल आपण स्वतःच्या हातानं कापू, हे त्यांनी सांगितलं.

रविवारी सकाळी माळी शिडी आणि कैची घेऊन आला तर त्याला गल्लीत शिरायलाच जागा नव्हती. पाईप या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडीच्या डब्यांसारखा सरळ लावला होता, आणि शालिग्रामराव तो खांद्यावर घेऊन हातभर हातभर पुढे सरकवत त्यातलं पाणी नालीत काढत होते. काळंहिरवं पाणी निघालं, त्यात शेवाळाचे तुकडे. निरंजननं माळ्याला पुढच्या रविवारी यायला सांगितलं. माळी हव म्हणाला, पोहे खाल्ले आणि कठड्यावर बसून पाहत राहिला, कारण असं काही रोज बघायला मिळत नाही.

विनोदिनीबाईंनी सिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, बाटल्या आणून दिल्या. कोमट पाण्यात सिरका कालवून शालिग्रामरावांनी तो नरसाळ्यानं पाईपात ओतला, दोन्ही तोंडं वर करून फाटकाला बांधली आणि चहा होईपर्यंत तसाच मुरू दिला. मग एक टोक त्यांनी, एक अनुश्रीनं धरलं आणि दोघांनी तो असा झुलवला की आतलं पाणी इकडून तिकडे खळाळत गेलं. गल्लीतल्या बायका गॅलरीत आल्या. नोझल आणि आतली रबराची चकती वाटीत भिजत घालून जुन्या ब्रशनं घासली. बाहेरून पाईप साबणानं पुसला. कूलरमधली जुनी खस काढून टाकली, टाकी घासून उन्हात उघडी ठेवली. पाईपात जोरात नळ सोडला, पुन्हा सिरका, पुन्हा नळ.

धुतलं गेलं की नाही हे ठरवायचं मात्र शालिग्रामरावांच्या हातात नव्हतं. रेल्वेत गाडी फिट असल्याचा दाखला त्यांनी हजारो वेळा दिला होता. इथे त्यांना तो मागावा लागला. पाईपचं तोंड त्यांनी सुनेपुढे धरलं. तिनं वास घेतला आणि मान हलवली. पुन्हा नळ. अजून थोडा आहे, ती म्हणाली. पुन्हा नळ. तिसऱ्यांदा तिनं सावकाश श्वास घेतला, थांबली, आणखी एकदा घेतला.

"फिट," ती म्हणाली.

राहिला प्रश्न ठेवण्याचा. आता पाणी घालून झालं की पाईप पुरता रिकामा करायचा, नोझल काढून ठेवायचं आणि छज्ज्याखाली सावलीत खुंट्यांवर दोन्ही तोंडं खाली करून टांगायचा, असं अनुश्री म्हणाली. शालिग्रामरावांच्या कपाळावर आठी पडली. इतक्या वर्षांचं सत्य होतं ते, एका सकाळी कसं सोडणार.

"बाबा, तुम्हीच तर सांगितलं होतं मला," ती म्हणाली, "गाडी पोचली, इंजिन सुटलं, की ब्रेकच्या पाईपातली हवा सोडून देतात."

त्यांनी विचार केला. खरं होतं. धावायची गाडी भरलेली, यार्डातली गाडी रिकामी. म्हणजे नियम चुकला नव्हता, त्यांनी तो अर्धाच घरी आणला होता. याचा त्यांना फार मोठा दिलासा वाटला आणि त्यांनी स्वतः खुंट्या ठोकल्या.

कूलरला नवी खस लागली. सोमवारी शिंका आल्या, पण निम्म्यानं. बुधवारी सकाळी अनुश्री स्वतःच बाहेर येऊन सांगून गेली की रात्री एकदाही जाग आली नाही. शालिग्रामराव बरं म्हणाले आणि वर वेलीकडे बघायचं त्यांनी मुद्दाम टाळलं. मुदत शनिवारची होती.

शनिवारी संध्याकाळी ते खुर्ची टाकून फाटकाशी बसले. अनुश्रीची स्कूटर आली. रायपूरच्या उन्हात बायका गाडी चालवतात तशी ती डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फमध्ये गुंडाळलेली, डोळ्यांवर काळा चष्मा. वाचायला चेहऱ्याचा एक इंचही मोकळा नव्हता. तिनं कडी काढली, वेलीखाली आली, चष्मा काढला, मग स्कार्फचे वेढे सोडवले. मागून निरंजनही येऊन उभा राहिला. शालिग्रामराव खुर्चीच्या दांड्या धरून बसले होते.

तिनं डोळे मिटले आणि श्वास घेतला. आणि तिचा चेहरा सैल झाला, पूर्वीसारखा.

निरंजननं थोडा वेळ वाट पाहिली. शिंक आली नाही. त्यानं खिशातून फोन काढला आणि माळ्याला सांगितलं, "भैया, कल मत आना."

शालिग्रामरावांचे डोळे भरून आले. एरवी या वेळी ते म्हणत, काय वास सुटून राहिला आज. आज ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "कसा हाय वास?"

हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. तिनं पुन्हा नाक वर केलं आणि शोधत शोधत सांगितलं, "गोड आहे. पिकल्या पेरूसारखा थोडा. आणि त्याच्या मागे... दूध तापल्यासारखा."

"दूध?"

"हो, अगदी उतू जायला आल्यासारखं," ती म्हणाली, आणि तिनं घराकडे बघितलं. "बाबा, आई कुठे आहेत?"

विनोदिनीबाई शेजारी गेल्या होत्या. शालिग्रामराव खुर्चीतून जे उठले ते त्या वयात उठू नये तसे. स्वयंपाकघरात पातेल्यातली साय कडेपर्यंत वर आली होती. त्यांनी गॅस बंद केला आणि पातेल्याकडे बघत उभे राहिले. साय हळूहळू खाली बसली. एक थेंब सांडला नव्हता.

थोड्या वेळानं विनोदिनीबाई लगबगीनं आल्या. ओट्याशी थबकल्या, पातेल्यात डोकावल्या आणि गॅस कोणी बंद केला म्हणून विचारलं.

"म्या," शालिग्रामराव म्हणाले. "वास आला मले."

विनोदिनीबाईंनी दारात उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं. सून स्कार्फची घडी घालत होती आणि हसू दाबत होती. विनोदिनीबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि त्या चहाचं आधण टाकायला वळल्या.